प्रीतीच्या नावाखाली भीतीचे वर्ग

मुंबईच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत सध्या एक वाद रंगलाय आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या कृपेने तो इथे बहरीनला, मनाम्यात माझ्यापर्यंतही पोचतो. मुसलमानांमध्ये सुवार्तेचं काम करावं की नाही? एक गट म्हणतो, करायलाच हवं, नाहीतर ‘ते’ आपल्याला गिळतील. त्यासाठी शनिवारचे प्रशिक्षणवर्ग निघालेत आणि पहिल्याच स्लाइडवर लोकसंख्येचा आलेख असतो. दुसरा गट म्हणतो, दिवस धर्मांतराच्या कायद्यांचे आहेत, नसती आफत ओढवून घेऊ नका. भांडण जोरात चाललंय, पण घाबरलेत दोघंही. प्रीती भीतीला घालवून देते, हे योहानाचं वचन शब्बाथशाळेत घोकलेली ही माणसं!

वर्गात काय शिकवतात, तर कुराणातल्या विसंगती शोधून समोरच्याला कोंडीत कसं पकडायचं. हा उद्योग जुना आहे. १८२९ साली मुंबईत आलेल्या डॉ. जॉन विल्सन यांनी शास्त्री, दस्तूर आणि मौलवी कोणालाच सोडलं नाही. १८५४ मध्ये आग्र्याला पाद्री फांडर मौलाना रहमतुल्ला कैरानवींसमोर वादाला बसले आणि बायबलच्या प्रतींमधल्या पाठभेदांवरून स्वतःच अडचणीत आले. मुसलमानांकडे तो आजही आपला विजय म्हणून सांगितला जातो. फांडर उर्दू-फारसीत ग्रंथ लिहिणारे. त्यांची ही गत, तर चार स्लाइड पाहून बाहेर पडलेला आपला पोरगा कुर्ल्यात काय दिवे लावणार?

इथलं, मनाम्यातलं अमेरिकन मिशन हॉस्पिटल १९०३ पासून चालू आहे. ज्यांनी हे काम उभं केलं ते सॅम्युएल झ्वेमर लेखणीने काही कमी भांडकुदळ नव्हते. पण १९०४ च्या उन्हाळ्यात त्यांच्या दोन लहान मुली आठवड्याभरात गेल्या, इथल्याच मातीत पुरल्या, आणि दवाखाना बंद झाला नाही. त्याच मिशनच्या डॉ. पॉल हॅरिसन यांना १९१७ मध्ये थेट रियाधला बोलावणं आलं. बाप्तिस्मे किती झाले विचाराल, तर फारच थोडे. आता शुक्रवारी उपासना आटपून बाहेर पडलं की शेजारच्या मशिदीतली गर्दीही त्याच रस्त्यावर आलेली असते आणि कोणी कोणाकडे वळूनसुद्धा बघत नाही.

पण बहरीनचं उदाहरण तरी कशाला? अमेरिकन मराठी मिशनने नागपाड्यात, दाट मुसलमान वस्तीच्या मधोमध, १९२० च्या दशकात नेबरहुड हाऊस काढलं. ते चालवणारे क्लिफर्ड मॅनशार्ट पुढे १९३६ मध्ये टाटांच्या समाजकार्य शाळेचे, म्हणजे आजच्या ‘टिस’चे, पहिले संचालक झाले. हे सगळं भायखळ्याच्या आपल्या मंडळ्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. वर्ग घेणाऱ्यांना याचा पत्ता असेल असं वाटत नाही.

ज्यांना खरंच जायचंय त्यांनी आधी भाषा पाहावी. कोकणी मुसलमान घरात कोकणी बोलतो आणि मराठी तुमच्याइतकीच जाणतो. त्याच्याशी बम्बय्या हिंदीत बोलणं म्हणजे त्याला परका ठरवणं. मदनपुऱ्यात मात्र उर्दू हवी, आणि ती लिपीसकट. अक्षरओळख महिना-दीड महिन्यात होते, पण सरळ वाचता यायला वर्ष लागतं. बहुतेक जण अक्षरं जोडायची वेळ आली की गळतात. पुरुषाने पुरुषाशी बोलावं आणि बाईने बाईशी. शुभवर्तमान द्यायचं तर लूकपासून सुरू करा आणि प्रत कोरी द्या. पेनाने रेघा मारलेलं, पिशवीच्या तळाशी चपलांजवळ ठेवलेलं शास्त्र पाहिलं की समोरच्याला कळतं, यांना स्वतःच्या किताबाची किंमत नाही.

खाण्याचंही तेच. नाताळचं ताट शेजारी पाठवताना रममध्ये मुरवलेल्या सुक्यामेव्याचा केक त्यात घालू नये. करंज्या, शंकरपाळ्या चालतात, फक्त तळणीत चरबी नको. जेली, मार्शमॅलो असेल तर जिलेटिन कशाचं आहे ते पाहा. आणि त्यांच्या घरी जेवा. बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. ताट पाठवायला सगळे तयार असतात, पण त्यांच्याकडून बिर्याणीचं आमंत्रण आलं की मटण हलाल म्हणून पाळकसाहेबांना शंका. पौलाने करिंथकरांना या विषयावर सविस्तर लिहिलंय, ते काढून वाचावं.

पैसा मधे आणू नये. राज्यघटनेचं कलम २५ धर्मप्रसाराची मुभा देतं, पण प्रसारात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं. काही राज्यांच्या कायद्यांत भेटवस्तू आणि फुकट शिक्षणही प्रलोभनात मोडतं. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याची फी तुम्ही भरता तो तुम्हाला ‘नाही’ कसं म्हणणार? आजारपणात मदत करायची तर बिल थेट रुग्णालयात भरा, आणि गल्लीतल्या कोणाचंही भरा.

कोणी बाप्तिस्मा मागितलाच तर घाई करू नका. आई काय म्हणेल, बायकोचं काय, हे त्याच्याशी बोलून घ्या. नाव बदलायला लावू नका, साक्षीचा व्हिडिओ तर मुळीच काढू नका. तो फॉरवर्ड होत होत तिसऱ्या दिवशी त्याच्या मामाच्या फोनवर पोचतो आणि पुढचं सगळं तो एकटा भोगतो. धर्म बदलला म्हणून वारसा जाऊ नये यासाठी १८५० चा कायदा होता, तो आता रद्द झालाय. १९३९ च्या कायद्यानुसार मुसलमान विवाहितेने धर्म सोडला एवढ्यावरून तिचं लग्नही आपोआप मोडत नाही. हे त्या माणसाला आधी समजावून सांगायला हवं. आणि मंडळीने त्याचं नाव सभासदांच्या वहीत लगेच घालावं. वहीत नाव नसलं की लग्न अडतं, पुढे कबरीची जागाही अडते, कारण कबरस्तानवालेही मग त्याला आपला म्हणत नाहीत.

मी हे सगळं मुंबईला कळवलं की तिथून उत्तर ठरलेलं असतं : ‘तुमचं बरंय, लांब बसून प्रीती शिकवा.’ मला राग येतो, पण त्यात तथ्य आहे. इथे माझा घरमालक मुसलमान, डॉक्टर मुसलमान, सीपीआरचं, म्हणजे इथल्या ओळखपत्राचं, काम करून देणारा मुसलमान. भीती वाटायला इथे माझं आहे काय? मत नाही, जमीन नाही, ९२-९३ च्या आठवणी नाहीत. व्हिसा संपला की निघायचं. निघून जायचं कुठे तेही ठरलंय, भायखळ्याला, आपल्याच लोकांच्या सोसायटीत. तिथे मुसलमानाला फ्लॅट देत नाहीत. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही, सगळ्यांना ठाऊक आहे, आणि बुकिंगचा चेक मी ते ठाऊक असूनच दिलाय.