हर्निया पट्ट्याने बरा होत नाही, तो मेसेज थांबवा

"पट्टा बांधा, तेलाने चोळा, हर्निया बरा होतो" हा मेसेज फिरतोय, तो चुकीचा आहे. बाबांच्या वेळी सर्जननी चित्र काढून दाखवलेलं, पोटाच्या स्नायूंच्या भिंतीला फट पडते आणि तिच्यातून आतली चरबी नाहीतर आतडं बाहेर येतं, म्हणून खोकलं की जांघेत गोळा टरारतो आणि आडवं झालं की गायब, पण गायब झाला म्हणजे फट बुजली असं नाही ना, मोठ्या माणसांत ती बुजवायला ऑपरेशनच लागतं. बाळांच्या बेंबीचा हर्निया मात्र बहुतेकदा ४-५ वर्षांपर्यंत आपणच जातो. गोळा कडक होऊन दुखतोय, आत जात नाही, उलट्या होतायत तर चोळत बसू नका प्लीज, आतड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, लगेच हॉस्पिटल गाठा. तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्यांना हे कळवा.