शून्यं लिहिली आणि साडेतीन जीबी आले!

आला, परत एक स्क्रीनशॉट आला. डिस्कवर लिहिण्याच्या वेगाची शर्यत, फ्रीबीएसडी आणि उबुंटू या दोन ऑपरेटिंग सिस्टिमांची; उबुंटू म्हणजे लिनक्सचाच एक अवतार. फ्रीबीएसडीवर सेकंदाला ३.५ जीबी, उबुंटूवर ४१० एमबी. खाली ज्वाळांच्या तीन इमोजी आणि ‘लिनक्सवाले आता कुठे गेले?’ इथेच आहेत, बाबा. कपाळाला हात लावून बसलेत.

मशीन एकच, डिस्क एकच, साधी साटाची एसएसडी. साटाचा, म्हणजे डिस्क जोडणाऱ्या दुव्याचा, वेगच मुळी सेकंदाला ६ गिगाबिट. त्यातून सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास जातं, मग कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, साक्षात ब्रह्मदेवाने लिहिलेलं असो. साडेतीन जीबी दिसल्यावर हात थांबायला नको? नाही थांबला. फ्रीबीएसडीवर डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने डेव्ह-झीरो या शून्यांच्या अखंड नळातून १० जीबी शून्यं ओतली, खाली झेडएफएस (फायली साठवण्याची पद्धत), त्यात एलझेडफोर हे कॉम्प्रेशन चालू. अशा वेळी अख्खा ब्लॉक शून्यांचा दिसला की झेडएफएस तो लिहीतच नाही, इथे भोक आहे एवढीच नोंद ठेवतो. म्हणजे ट्रकात रिकामी पोती भरायची, वजनकाटा टाळून पोती मोजायची आणि म्हणायचं, बघा किती टन माल ओढला! नुसतं डीयू, म्हणजे डिस्कवर खरी किती जागा गेली ते सांगणारी कमांड, मारलं असतं तरी बिंग फुटलं असतं. फायलींची यादी देणारं एलएस दहा जीबी सांगतं, डीयू जेमतेम काही केबी.

आणि खरी हद्द पुढे आहे. उबुंटूच्या कमांडला शेवटी ‘कॉन्व=एफडेटासिंक’ लावलंय, म्हणजे डेटा डिस्कवर बसेपर्यंत घड्याळ चालू. फ्रीबीएसडीच्या कमांडला ते नाहीच. एकाला मोकळं सोडलं, दुसऱ्याचा पाय शेजारच्याच्या पायाला बांधला, आणि वर निकाल जाहीर!

डिस्कचा वेग मोजणारं एफआयओ फुकट मिळतं, लेको. फाइल रॅमच्या दुप्पट ठेवा, नाहीतर तुम्ही डिस्क नाही, रॅममधला कॅशच मोजणार. ‘रिफिल_बफर्स’ लावा म्हणजे दर वेळी नवा वेडावाकडा डेटा जातो, कॉम्प्रेशनला चघळायला काही उरत नाही. ‘रनटाइम’ ६०० सेकंद ठेवा, कारण स्वस्त एसएसडीचा एसएलसी कॅश, म्हणजे आतला छोटा वेगवान तुकडा, सुरुवातीला छान पळतो आणि भरला की मान टाकतो. झेडएफएसवर पोस्टग्रेस हा डेटाबेस चालवणार असाल तर आधी रेकॉर्डसाइज, म्हणजे ब्लॉकचं कमाल माप, बघा. डिफॉल्ट १२८ केबी, पोस्टग्रेसचं पान ८ केबीचं. आठ केबी बदलायला १२८ केबीचा ब्लॉक नव्याने लिहायचा, आणि मग ‘झेडएफएस स्लो आहे’ म्हणून गळा काढायचा. सेटिंग बदलली तरी जुन्या फायली जुन्याच मापाच्या राहतात, डेटा परत भरावा लागतो. हे कुणी करत नाही. नाचता येईना, अंगण वाकडं.

लिनक्सवाल्यांनी हसू नये. फ्रीबीएसडीची ‘करंट’, म्हणजे अजून घडत असलेली शाखा उतरवायची, तिच्यात विटनेस आणि इन्व्हेरिअंट्स ही तपासणीची यंत्रं चालू असतात, प्रत्येक लॉकवर पहारा बसलेला असतो, आणि त्या कर्नलला लिनक्सच्या तयार रिलीज कर्नलशी पळवायचं. दर वर्षी कुणीतरी हे करतंच. मग लोड अ‍ॅव्हरेजची, म्हणजे मशीनवर किती प्रोसेसचा भार आहे त्या आकड्याची, तुलना. लिनक्स डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही त्यात धरतं, फ्रीबीएसडी धरत नाही. आकडे शेजारी ठेवून काय मिळवलंत?

आणि वेबसर्व्हरचा वेग मोजणारं ते एबी! एका थ्रेडवर चालणारं हत्यार, तेही त्याच सर्व्हरवरून स्वतःवरच झाडायचं, ‘-के’, म्हणजे जुनंच कनेक्शन पुन्हा वापरायची खूण, न देता. प्रत्येक रिक्वेस्टला नवं कनेक्शन. कनेक्शनला लागणारे लिनक्सचे डिफॉल्ट पोर्ट ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे अठ्ठावीस हजारांच्या घरात. ते साठ-साठ सेकंद टाइम-वेट या कनेक्शन बंद झाल्यावरच्या थांब्यात तुंबू शकतात, आकडा कोसळतो, आणि खापर कर्नलच्या डोक्यावर.

इथवर आलं की हुकमाचा एक्का पडतो, ‘नेटफ्लिक्स फ्रीबीएसडी वापरतं!’ वापरतं ना. २०२१ मध्ये एका सर्व्हरमधून सेकंदाला ४०० गिगाबिट व्हिडिओ वाहतो हे त्यांनी जगापुढे मांडलं. त्यामागे सेंडफाइल (फाइल थेट नेटवर्कवर सोडणारी सोय), कर्नलमधलं टीएलएस, नेटवर्क कार्डावर ढकललेलं एन्क्रिप्शन आणि कर्नलमध्ये वर्षानुवर्षं हात घालणारी माणसं आहेत. तुमच्या दोन कोअरच्या भाड्याच्या व्हीपीएसवरल्या वर्डप्रेसचा त्यात काय संबंध? समोरून उत्तर काय, तर ‘टॉप ५०० महासंगणकांत सगळे लिनक्स!’ हो, २०१७ पासून सगळेच्या सगळे. तुम्हाला हवामानाचा अंदाज काढायचाय की पीएचपी चालवायचंय?

असो. रात्री एक वाजता परक्याच्या एसएसडीचं सुतक पाळणाऱ्या माझ्यासारख्याने दुसऱ्यांची अक्कल काढावी, हाही एक विनोदच. त्या बिचाऱ्याला ज्वाळा टाकून शांत झोप लागली असणार.

तरी जाता जाता. दोन्हीकडे तीच फाइल, तोच सिंक, सीपीयूचा गव्हर्नर परफॉर्मन्सवर, म्हणजे पूर्ण वेगावर, दहा-दहा फेऱ्या, आणि सगळे आकडे फरक तपासणाऱ्या मिनिस्टॅटच्या तोंडात. फ्रीबीएसडीबरोबर आयतं येतं ते. पुष्कळदा ते एकच ओळ छापतं, ९५.० टक्के खात्रीने फरक सिद्ध होत नाही. त्या ओळीचा स्क्रीनशॉट काढून खाली ज्वाळा टाकणारा अजून जन्माला यायचाय.