युद्ध म्हणू नका, कारवाई म्हणा

परवा पुन्हा एका प्रवक्त्याने 'मर्यादित, नेमकी आणि प्रमाणबद्ध' हे तीन शब्द एका दमात म्हटले आणि पडद्यावर लगेच ग्राफिकचे रणगाडे धडधडू लागले. इतकं सराईत काम बघून वाटलं, ही विद्या नवशिक्या सरकारांपर्यंतही पोचायला हवी. तर घ्या लिहून.

आधी बारसं. 'युद्ध' हा शब्द तोंडातून जाता कामा नये. 1950 मध्ये कोरियात अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांच्या लेखी ती 'पोलिसी कारवाई' होती, 1956 मध्ये सुएझला ब्रिटनचे पंतप्रधान ईडन यांचा 'सशस्त्र संघर्ष', 2022 मध्ये युक्रेनमध्ये पुतिन यांची 'विशेष लष्करी मोहीम'. अशा नावाचं काम लोकांना आठवडाभराचं वाटतं. कोणी वेगळं बोललंच तर सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवण्याचा कायदा करा. रशियाने हल्ल्यानंतर आठ दिवसांत केला. कमाल शिक्षा 15 वर्षं.

घरात महागाई आणि रस्त्यावर मोर्चे असतील तर एखादं बेट शोधा. 30 मार्च 1982 ला अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्समध्ये लोक लष्करी राजवटीविरुद्ध लाठ्या खात होते. 2 एप्रिलला ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटं घेतल्याचं कळताच तिथेच जयजयकार झाला. बेट मात्र परत गमावू नका. खुर्चीही जाते.

निवृत्त सेनापती स्टुडिओत बसवा. मुद्दे तुम्हीच पुरवा.

साक्षीदार लहान आणि रडणारा हवा. ऑक्टोबर 1990 मध्ये वॉशिंग्टनमध्ये 15 वर्षांच्या एका कुवेती मुलीने सांगितलं, की कुवेतमध्ये घुसलेल्या इराकी सैनिकांनी इस्पितळात अर्भकांना काचेच्या पेट्यांतून काढून मरायला टाकलं. बैठक संसदेच्या अधिकृत समितीची नव्हती, म्हणजे शपथेची भानगड नाही. आडनाव सांगितलंच नाही. जानेवारी 1991 मध्ये अमेरिकी सेनेटमध्ये 52 विरुद्ध 47 मतांनी इराकविरुद्धच्या युद्धाला मंजुरी मिळाली. चर्चेत काही सदस्यांनी हीच कहाणी सांगितली होती. मुलगी कुवेतच्या राजदूतांची आणि साक्षीची तयारी जनसंपर्क कंपनीची, हे जगजाहीर झालं जानेवारी 1992 मध्ये. कहाणीला पुरावा सापडला नाही. युद्ध केव्हाच आटोपलं होतं.

आता मुदत. ती तोंडी सांगा, लेखी कधीच देऊ नका. फेब्रुवारी 2003 मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड इराकच्या युद्धाबद्दल म्हणाले, सहा दिवस लागतील, सहा आठवडे लागतील; सहा महिने लागतील असं वाटत नाही. 1 मे रोजी जहाजावर 'मोहीम फत्ते'चा फलक लागला. फौजा निघाल्या डिसेंबर 2011 मध्ये. मधल्या काळात उद्दिष्ट सरकवत राहायचं: आधी संहारक अस्त्रं, ती सापडली नाहीत म्हणून लोकशाही, ती जमेना म्हणून स्थैर्य. आणि सगळी कारणं संपली की हुकमाचा एक्का: 'आमच्या जवानांचं बलिदान वाया जाऊ देणार नाही.' म्हणजे काल मेलेल्यांसाठी उद्या आणखी मरायचे! हा हिशेब कधी मिटणार? शवपेट्यांचे फोटो तर काढूच द्यायचे नाहीत; अमेरिकेत 1991 पासून 2009 पर्यंत शवपेट्या उतरतात त्या डोव्हरच्या हवाई तळावर बंदीच होती. इराकमध्ये सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिक गेले, इराकी नागरिक लाखाच्या वर. त्यांच्या शवपेट्या कोणी मोजायच्या?

मर्यादित म्हणे! कसली मर्यादा? ऑगस्ट 1964 मध्ये व्हिएतनामजवळ टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर दुसरा हल्ला झाल्याचं सांगितलं गेलं, तो झालाच नव्हता. तिसऱ्या दिवशी अमेरिकी संसदेत लष्करी कारवाईचा ठराव मंजूर. त्यात पैशाचा आकडा नाही, सैनिकसंख्या नाही, ठरलेली तारीख नाही. 'आवश्यक ती सर्व पावलं' तेवढी होती. पुढे व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचेच 58 हजार मेले. ठराव कोणाला वाचायला वेळ होता? प्रतिनिधीगृहात 416 विरुद्ध शून्य, सेनेटमध्ये 88 विरुद्ध 2.

विरोधात मत देणारे ते दोघे म्हणजे वेन मॉर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग. 1968 मध्ये दोघेही घरी बसले, आणि त्यांना सरकारने नाही बसवलं. मतदारांनी बसवलं, तुमच्याआमच्यासारख्यांनी.