ओसीडीवर ‘विचार थांबवा, धीर द्या’? एका संदेशाला उत्तर

ओसीडी म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येणं आणि ते शमवायला तीच ती कृती करत राहणं, असा मनाचा आजार. त्याबद्दलचा एक संदेश सध्या खूप फिरतो आहे. पाठवणारे चांगल्या मनानं पाठवतात, म्हणून तो नुसता पुसून टाकवत नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एक्सपोजर थेरपी म्हणजे घाबरलेल्या माणसाला मुद्दाम भीतीत ढकलणं, त्यानं आजार वाढतो. त्यापेक्षा नको तो विचार आला की मनात ‘थांब’ म्हणा, मनगटावरचा रबर बँड ओढा. खरा इलाज गोळ्याच. आणि घरच्यांनी सतत धीर द्यावा, ‘काही झालेलं नाही’ असं सांगत राहावं.

माझ्या थोरल्या बहिणीला हा आजार आहे. या संदेशातलं शेवटचं वाक्य मी स्वतः कित्येक वर्षं पाळलं, त्याकडे मी शेवटी येते.

‘भीतीत ढकलणं’ म्हणताना संदेश उपचाराचा अर्धा भाग गाळतो. पूर्ण नाव आहे एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन (ईआरपी), म्हणजे भीतीला सामोरं जायचं आणि त्यानंतरची नेहमीची कृती रोखायची. भीतीशी गाठ तर या माणसांची रोजच पडते. दाराच्या हँडलला हात लागतो, जीव घाबरा होतो, हात धुतले जातात, हायसं वाटतं. हे हायसं वाटणंच आजाराला पोसतं, कारण ‘धुतले म्हणून वाचलो’ हे मनावर आणखी घट्ट बसतं. न धुताही भीती सोसता येते आणि ओसरते, हे कळायला सवडच मिळत नाही. ईआरपी ती सवड देते: हँडलला हात लावायचा आणि धुवायचं नाही. १९६६ साली लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवरचा असा उपचार प्रसिद्ध केला. तोवर या आजारापुढे डॉक्टर बहुतेक हात टेकत.

ढकलणं मात्र यात नसतं. कशाची किती भीती वाटते याला रुग्ण स्वतः ० ते १०० गुण देतो आणि त्यातून पायऱ्या ठरतात. पुढची पायरी त्याच्या होकाराशिवाय चढली जात नाही. त्रास होतो, हे खरं आहे. काही जण मध्येच सोडतात, हेही खरं. पण त्रास होतो म्हणजे आजार वाढतो असं नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत बारा आठवडे ईआरपी पूर्ण केलेल्यांपैकी ८६ टक्के लोकांत चांगली सुधारणा दिसली. मध्येच सोडणारे धरूनही हा आकडा ६२ टक्के होता. औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत तो, सोडणारे धरून, ८ टक्के.

रबर बँडच्या सल्ल्याचा मला सर्वांत राग येतो, कारण तो विचारालाच गुन्हेगार ठरवतो. १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की कुणाला इजा करण्याचे, घाणीचे, अभद्र विचार ओसीडी नसलेल्या बहुसंख्य लोकांनाही येतात. ते येतात आणि जातात. ओसीडीत माणूस त्यांना धरून बसतो: ‘मला असं सुचलंच कसं? मी तसाच आहे का?’ बाळाला आपल्या हातून काही होईल या विचारानं खचलेल्या आईला रबर बँड काय शिकवणार? हा विचार खरोखरच भयंकर आहे, हेच. शिवाय विचार दाबला की उसळतो. १९८७ साली मानसशास्त्रज्ञ वेग्नर यांनी लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तर अस्वल मनातून हलेना. ईआरपीत ती आई तोच विचार कागदावर लिहून पुन्हा पुन्हा वाचते आणि खात्री न मागता बाळाला जवळ घेते.

गोळ्यांबद्दल वाद नाही. त्या उपयोगी आहेत आणि मनानं बंद करू नयेत. पण ‘गोळ्याच’ हे चूक. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २००५ ची मार्गदर्शिका ईआरपीचा समावेश असलेली थेरपी, गोळ्या, किंवा तीव्र आजारात दोन्ही सुचवते.

आता धीर देण्याबद्दल. ताई रात्री विचारायची, “दार लागलंय ना? तू पाहिलंस ना?” मी म्हणायचे, “हो ताई, लागलंय.” पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मला वाटायचं ही माया आहे. थेरपिस्टनी सांगितलं, की माझा ‘हो’ हाही कुलूप ओढून पाहण्याचाच एक प्रकार आहे, फक्त ओढायला मी होते. मग ताई, थेरपिस्ट आणि मी, आम्ही तिघींनी बसून शब्द ठरवले: “ताई, हे ओसीडी विचारतंय. मी उत्तर देणार नाही, पण मी तुझ्याजवळ आहे.” पहिल्या रात्री ती चिडली, रडली, आणि मी खोलीबाहेर गेले नाही. त्या रात्री मी ‘हो’ म्हणाले नाही. नंतर दोनदा म्हणाले, आणि पुन्हा सुरुवात केली.

एक मात्र सांभाळा. हे वाचून आजपासूनच उत्तरं देणं बंद करू नका. आधी त्या माणसाशी बोला, त्याच्या थेरपिस्टना सोबत घ्या, आणि कुठला प्रश्न सर्वांत आधी सोडायचा हे त्यालाच ठरवू द्या.