तापल्या स्लॅबवर पोळी

घर बांधायला काढलंय म्हणं? बरं केलं. प्लॉटचं तोंड पश्चिमेला असेल तर नशीब काढलंत. दर्शनी बाजूला खालपासून वरपर्यंत काच लावा. मे महिन्यात परभणीचा पारा चव्वेचाळिसाला टेकला की दुपारी तीन ते सहा सगळं ऊन हॉलमध्ये मुक्कामाला येईल. मग जाड पडदे लावा आणि भर दिवसा ट्यूब पेटवून बसा. काचेचा खर्च, पडद्याचा खर्च, ट्यूबचा खर्च. याला एलिव्हेशन म्हणतात.

प्लॉटवर जुना कडुलिंब असेल तर तो आधी पाडा. गाडी लावायला आडवा येतो.

भिंती चार इंचीच ठेवा. म्हातारी माणसं दोन-दोन हात रुंद भिंतींचं आणि पांढऱ्या मातीच्या सपाट छताचं, म्हणजे माळवदाचं, कौतुक सांगू लागली, की एकच शब्द टाका: किल्लारी. सगळे गप्प होतात, आणि व्हायलाच पाहिजेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तेच दगड आणि तीच माती हजारो झोपलेल्या माणसांच्या अंगावर आली. ज्यानं ते ढिगारे पाहिले त्याच्यापुढं माळवदाचे गोडवे मीही गात नाही. घर भूकंपाला टिकलं पाहिजे, हे त्या पहाटेनं शिकवलं. पण ते उन्हात भाजून निघालं पाहिजे, असं तिनं कुठं सांगितलं होतं ते मला अजून सापडलेलं नाही. तुम्ही शोधत बसू नका, काम अडेल.

आता सिमेंट. हजार फुटांच्या घराला मिस्त्रीच्या तोंडी हिशोबानं 400 पोती, म्हणजे 20 टन. चुनखडी 1450 अंशांपर्यंत भाजावी तेव्हा कुठं क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट करायचे खडे, होतो. कोळसा जळतो त्याचा धूर वेगळाच. निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड खुद्द चुनखडीच्या पोटातून निघतो. भट्टी उद्या उन्हावर चालवली तरी तो निघणारच. साध्या सिमेंटच्या एका टनामागं आठ-नऊशे किलो धरा. पण घाबरू नका. हा वायू तिकडं चंद्रपूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या वाडीच्या सिमेंट कारखान्यात सुटतो. आपल्या दारात येतं ते नुसतं पोतं, आणि त्यावर हत्तीबित्ती छापलेला असतो.

त्यातही कोळशाची राख मिसळलेलं सिमेंट चुकूनही मागू नका. मानकाप्रमाणं त्यात 35 टक्क्यांपर्यंत राख चालते, तेवढा क्लिंकर वाचतो, आणि राखेला तर आपल्याकडं तोटा नाही. परळीचं वीज केंद्र किती वर्षं राख काढतंय. पण ठेकेदाराला विचारा. "सायब, राखंचं सिमेंट दमानं जोर धरतंय. सेंटरिंगच्या प्लेटा भाड्याच्या हायत, चार दिस जास्ती ठिवल्या तर पैसे तुमी देणार का?" आता पन्नास वर्षांच्या घरासाठी चार दिवसांचं भाडं कोण भरणार? मी तरी भरलं नव्हतं.

राखेच्या विटांचंही तेच. औष्णिक केंद्रांच्या आसपासच्या बांधकामांत राखेचाच माल वापरावा, असा केंद्राचा नियम 1999 पासून आहे. पुढं ते अंतर वाढत 300 किलोमीटर झालं. परळीत कंपासचं टोक रोवून वर्तुळ काढलं तर किनवटपासून कन्नडपर्यंत अख्खा मराठवाडा त्यात बसतो. एवढ्या मोठ्या वर्तुळात तुमचं घर कुणाला दिसणार? लाल वीटच घ्या. तिच्या रंगाला तोड नाही. त्यावर गिलावा करून तो रंग झाकायचाच असतो, ते जाऊ द्या.

सळईत कंजुषी नको. इंजिनिअरनं 12 एमएम लिहिली असेल तिथं 16 घाला. डिझाइन म्हणजे काय, कागदच तो. जालन्याच्या कारखान्यांत भंगार वितळवून सळई होते. खनिज आणि कोळशातून लोखंड काढण्यापेक्षा तो रस्ता पुष्कळ बरा, पण भट्ट्या विजेवर. म्हणून वीज महागली की सळई महागते. सळई महागली की टपरीवर बसून सरकारला शिव्या द्या, आणि ती गरज नसताना चार मिलिमीटर जाड घ्या.

घर झालं की खरी मजा. आता तुमच्याकडं दोन स्लॅब आहेत, एक डोक्यावरचा आणि एक वीजबिलावरचा. पहिला दिवसभर ऊन पितो आणि रात्री दहानंतर ते निवांत खाली सोडतो. तुम्ही दीड टनाचा एसी लावता. तीनशे युनिट ओलांडले की दुसरा स्लॅब वर चढतो. पहिला तापतो, दुसरा चढतो, आणि दोघांच्या मधे तुम्ही घाम पुसता. गच्चीला पांढरा चुना मारला तर खालची खोली चांगलीच निवते म्हणतात, पण तो मारू नका. शेजारी म्हणतील, टाइल्सला पैसे उरले नाहीत. त्यापेक्षा तीन किलोवॉटचं सोलर बसवा, 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. सूर्यानंच तापवलेली खोली सूर्यानंच थंड करायची. याच्याइतकी हरित गोष्ट तालुक्यात दुसरी नसेल.

आणि कुणी कार्बनचा विषय काढलाच तर सांगा, देशानं नेट झिरोचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडला तेवढाच परत शोषून हिशोब शून्यावर आणायचं, वर्ष 2070 धरलंय. तोवर तुमचा स्लॅब गळायला लागून नातवानं नवा टाकलेला असेल. पुन्हा 400 पोती.

वास्तुशांत अक्षय्य तृतीयेला ठेवा, मुहूर्त काढावा लागत नाही. फक्त दुपारच्या पंगतीचं आधी बघा. पाहुणे आत काही टिकायचे नाहीत, पत्रावळ घेऊन सावली शोधत बाहेर येतील. शेजाऱ्याकडं अजून एक लिंब आहे. चार दिवस आधी त्याला गोड बोलून ठेवा.