एका बाकड्याची चळवळ

चळवळीत मी पडलो तो खिशात पेन होतं म्हणून. आमच्या शहरातल्या एका कोपऱ्यावर संध्याकाळी दहाबारा माणसं जमलेली दिसली आणि काय झालंय ते बघायला मी थांबलो. अपघातबिपघात काही नव्हता. शहराचं पुनरुज्जीवन चाललं होतं. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "लिहून कोण घेणार?" सगळ्यांचे डोळे माझ्या खिशाकडे गेले. तेव्हापासून मी सचिव आहे.

पुनरुज्जीवन करायचं होतं ते त्या कोपऱ्यावरच्या पडीक जागेचं. तिथे राडारोड्याचा ढीग, तीन पायांची एक खुर्ची आणि आजवर कुणी पेटलेला न पाहिलेला एक दिवा होता. जागा साफ करायची, चार झाडं लावायची, एक बाकडं बसवायचं. शहर एवढंसं, तेव्हा एका बाकड्यानेही त्याची कळा बदलेल, असा आमचा हिशेब.

अध्यक्षपदी एक निवृत्त गृहस्थ आले. वाचन दांडगं. पहिल्याच सभेत त्यांनी जेन जेकब्ज या बाईंची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या नांदत्या वस्त्यांमधून द्रुतगती मार्ग काढायचा घाट घातला होता. या बाईंनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाताशी धरून तो हाणून पाडला. १९६८ साली एका जाहीर सुनावणीत गोंधळ घातला म्हणून त्यांना अटकसुद्धा झाली. टाळ्या पडल्या. मी घरी येऊन हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "तुमची अटक कधी आहे? म्हणजे त्या दिवशी मी आईकडे जाऊन येते."

मग सफाईचा रविवार ठरला. ग्रुपवर त्रेचाळीस जणांनी अंगठा दाखवला. अंगठा दाखवणं याला आपल्या भाषेत काय म्हणतात, हे आम्ही उत्साहाच्या भरात विसरलो होतो. प्रत्यक्ष आले आठ. त्यातले दोघे फोटो काढायला.

माक्स रिंगलमान नावाच्या एका फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांची ताकद मोजली होती. १९१३ साली छापलेले त्याचे आकडे असे, की आठ जण मिळून ओढायला लागले की एकेकाचा जोर निम्म्यावर येतो. निम्मा म्हणजे पुष्कळच. आम्ही रांग करून घमेली पुढे देत होतो. घमेलं जवळ आलं की मी वाकून बुटाची नाडी बांधायला घेई. चौथ्यांदा वाकलो तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "सचिव, तुमच्या पायात चपला आहेत."

तरी जागा साफ झाली. खोटं कशाला सांगू, काकूंमुळे झाली.

त्यानंतर बाकड्याचा रंग. संस्थेची घटना, सोळा कलमांची, आम्ही दोन मिनिटांत मंजूर केली होती, कारण ती कुणी वाचली नव्हती. रंग मात्र सगळ्यांना कळतो. पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकाने १९५७ साली एक काल्पनिक समिती रंगवली होती. ती समिती अणुभट्टीचा एक कोटी पौंडांचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर करते आणि साडेतीनशे पौंडांच्या सायकलींच्या शेडवर पाऊण तास भांडते. आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या. हिरवा म्हणावा तर झाडात हरवेल, पिवळा डोळ्यांत जाईल, तपकिरी म्हणजे मूळच्या लाकडाचा अपमान. एका सदस्याने "मग पारदर्शक करा" म्हणून सभात्याग केला आणि चष्मा विसरला म्हणून परत येऊन मतदान केलं. शेवटी राखाडी ठरला. कुणालाच आवडला नव्हता, त्यामुळे कुणी जिंकलंही नव्हतं.

परवानगीसाठी एका कार्यालयात अर्ज दिला. साहेबांनी आमचं फार मनापासून ऐकून घेतलं. तुमच्यासारख्या जागरूक नागरिकांची गरज आहे म्हणाले. मधेमधे "खरंय, खरंय" म्हणत मान हलवत होते. बाहेर आलो तेव्हा हातात काही नव्हतं, पण बरं वाटत होतं. "ही दुसरी पायरी," अध्यक्ष फाटकाशी म्हणाले. शेरी आर्नस्टाइन या अमेरिकन बाईंनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तळाशी लोकांना गुंडाळणं. त्याच्या वर उपचार, म्हणजे प्रश्न तसाच ठेवून माणसाला बरं करणं. मग माहिती देणं, सल्लामसलत, बोळवण, असं करत पार वर नागरिकांच्या हाती सूत्रं. "आपल्याला अजून सहा पायऱ्या आहेत," ते उमेदीने म्हणाले.

दुसऱ्या खेपेला कळलं, फाइल वर गेली आहे. इमारतीला वरचा मजला नव्हता. तिसऱ्या खेपेला ती खाली आली होती, पण ज्यांच्याकडे यायची ते रजेवर गेले होते. पाचव्या खेपेला रखवालदार आम्हाला ओळखायला लागला आणि सातव्या खेपेला, अर्ज कुठल्या टेबलावर अडकलाय, ते त्यानेच सांगितलं. त्याला कुठल्या पायरीवर बसवायचं, हे अध्यक्षांनाही सांगता आलं नाही.

परवानगी आली, अटीसह. बाकडे जमिनीत काँक्रीटने पक्के करावे. अध्यक्ष खचले. विल्यम व्हाइट या अभ्यासकाने न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून पाहिलं होतं, की हलवता येणारी खुर्ची असली की माणूस बसण्याआधी ती इंचभर का होईना, सरकवतो. कारण काही नसतं, तरी सरकवतो. "बाकडं सुटं हवं," ते म्हणत राहिले. पण आठवी खेप घालायची कुणाची तयारी नव्हती, त्यांचीही नव्हती.

काल बाकडं बसलं. राखाडी, दोन्ही पाय काँक्रीटमध्ये. उद्घाटन नको म्हणून आम्ही लांब उभे राहून, पहिलं कोण बसतंय, ते बघत होतो. एक अनोळखी आजोबा आले. त्यांनी बाकड्याला प्रदक्षिणा घातली, मग वाकून दोन्ही हातांनी एक कड धरली आणि ओढली. बाकडं हललं नाही. पुन्हा ओढली. मग "ह्यॅ!" म्हणून बाकड्याच्या पार टोकाशी बसले, रस्त्याकडे पाठ करून.

अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी होतं. "सचिव," ते म्हणाले, "लिहून घ्या."

मी खिसा चाचपला. पेन मी महिन्याभरापासून घरीच ठेवत होतो. काकूंनी पर्समधून काढून दिलं.