कराडच्या मॅडमना उत्तर: प्रोग्रॅम थांबेना, पण दोष रिकर्शनचा नव्हता

नमस्कार मॅडम,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण तुमच्या लॅबमध्ये जे झालं ते आधी माझ्या मशीनवर घडवून बघायचं होतं. काल ते घडलं. आता लिहितो.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मॅडम कराडला डिप्लोमाच्या मुलांना सी शिकवतात. फोल्डरच्या आतल्या फोल्डरांत शिरून सगळ्या फायलींच्या आकाराची बेरीज करणारा माझा प्रोग्रॅम त्यांनी मुलांना जसाच्या तसा दिला. बाकी सगळीकडे तो चालला, पण एका मशीनवर तास संपला तरी थांबेना. त्यांचं म्हणणं असं की रिकर्शनने, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावल्याने, स्टॅक (अशा प्रत्येक फेरीसाठी राखलेली मेमरी) भरतो, म्हणून अशा कामाला ते वापरूच नये. फोल्डरांत फिरणारं एनएफटीडब्ल्यू हे तयार फंक्शन असताना हाताने लिहायची गरज नाही. आणि नीट न तपासलेला कोड शिकणाऱ्या मुलांच्या हातात देऊ नये.

शेवटचं म्हणणं पूर्ण मान्य आहे. त्या मुलांचा तास माझ्यामुळे वाया गेला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. स्टॅकचं मात्र मला पटत नाही, आणि ते का पटत नाही हे मुलांनाही कळावं असं वाटतं.

तुम्ही स्क्रीनचा फोटो जोडलात म्हणून मूळ सापडलं. त्यात एकच तुकडा पुन्हा पुन्हा दिसतो: /होम/स्टुडंट/.वाईन/डॉसडिव्हायसेस/झेड: आणि त्याला चिकटून परत /होम/स्टुडंट. टर्बो सी हा जुना कंपायलर चालवायला कुणीतरी त्या मशीनवर वाईन, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर, टाकलेलं असणार. वाईन होममध्ये एक लपलेलं फोल्डर करतं आणि त्यात 'झेड:' नावाची सिम्बॉलिक लिंक, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारं नाव, ठेवतं. ती लिंक थेट रूटकडे, म्हणजे सगळ्या फोल्डरांच्या मुळाशी, जाते. म्हणजे घरातल्या कपाटाचं दार उघडावं आणि आपण पुन्हा गावाच्या वेशीवर उभे असावं, तशी गत. वेशीतून परत घर, घरात परत तेच कपाट.

माझी पहिली चूक इथे आहे. समोरचं नाव फोल्डर आहे का, हे मी स्टॅट या फंक्शनला विचारलं. स्टॅट लिंकच्या मागे जातो आणि पलीकडे जे असेल त्याची माहिती देतो. विचारायला हवं होतं एलस्टॅटला. तो लिंकला लिंकच म्हणतो, आणि मग आपण तिच्यात शिरत नाही. एका अक्षराचा फरक आहे.

पण एवढ्याने कोडं सुटत नव्हतं. लिनक्स एका पत्त्यात (पाथमध्ये) ४० पर्यंतच लिंक उलगडतो, त्यापुढे ईलूप ही एरर देतो. म्हणजे या चक्राला कुठेतरी अंत होता. मग पत्ता मोजला. इंग्रजी अक्षरांत त्या एका फेरीचे होतात ३३ बाइट. पत्ता साठवायचा माझा बफर १०२४ बाइटचा. ३१ फेऱ्यांचे १०२३, आणि शेवटचा एक बाइट शून्याचा. काठोकाठ भरला! ४० लिंकची मर्यादा यायच्या आत.

आता पुढचं नाव जोडायला गेलं की काय होतं ते बघा. नाव जोडायला वापरलेला एसएनप्रिंटएफ बफरच्या बाहेर लिहीत नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. तो बाहेर लिहीत नाही हे खरं, पण उरलेलं कापून टाकतो. पुढचं नाव फाईलचं असो की फोल्डरचं, ते गळून जायचं आणि हातात उरायचा तोच जुना पत्ता. स्टॅट म्हणायचा, फोल्डर आहे. प्रोग्रॅम तेच फोल्डर पुन्हा उघडायचा. हे चालतं फाईल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फायली-फोल्डरांना मिळणारे क्रमांक, संपेपर्यंत: साधारणपणे एका प्रोसेसला १०२४ मिळतात, त्यातले तीन आधीच वापरात असतात. ते संपले की फोल्डर उघडणारा ओपनडिर नल (म्हणजे 'काही मिळालं नाही') देतो, आणि माझा कोड त्यावर काही न बोलता मागे फिरायचा, वरच्या पायरीवरचं पुढचं नाव घ्यायचा आणि परत खाली उतरायचा. अशा ८०० हून जास्त पायऱ्या, आणि प्रत्येकीवर रूटमधली पंधरा-वीस नावं. तास काय, सत्र संपलं तरी तो थांबला नसता.

एसएनप्रिंटएफ किती जागा लागली असती ते परत सांगतो. तो आकडा बफरएवढा किंवा मोठा आला तर पत्ता कापला गेला, एवढंच तपासायचं असतं. मी ते तपासलं नव्हतं. ही चूक तुमच्या प्रतिक्रियेत नाही, पण माझ्या मते तीच सगळ्यात मोठी आहे.

आता स्टॅक. लिनक्सवर तो सहसा ८ एमबीचा असतो. माझ्या फंक्शनची एक फेरी, बफर धरून, सव्वा केबीच्या आसपास जागा घेते. सगळे डिस्क्रिप्टर संपेपर्यंत खाली गेलं तरी दीड एमबीसुद्धा होत नाही. शिवाय स्टॅक भरला असता तर प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्ट देऊन तिथेच पडला असता. तुमच्याकडे तो पडला नाही, चालत राहिला. फोल्डरांची रचनाच झाडासारखी आहे, तिथे रिकर्शन शोभतं आणि वाचणाऱ्याला कळतं. जपायचं ते खाली उतरताना हातात काय उघडं धरून ठेवतो ते.

एनएफटीडब्ल्यूबद्दल तुमचं बरोबर आहे. रोजच्या कामाला मीही तेच सुचवीन. एफटीडब्ल्यू_फिज हा पर्याय दिला की लिंकच्या मागे जात नाही, आणि एका वेळी किती डिस्क्रिप्टर वापरायचे तेही सांगता येतं. त्याची अडचण एकच: आपल्या फंक्शनला स्वतःचा डेटा देता येत नाही, म्हणून बेरीज ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवावी लागते. पण मुलांनी एकदा तरी ओपनडिर, रीडडिर, क्लोजडिर हाताने लिहावं. फोल्डरमधलं पुढचं नाव देणारा रीडडिर यादी संपली तरी नल देतो आणि एरर आली तरी नलच देतो, म्हणून आधी एरनो (एररचा क्रमांक) शून्य करून ठेवायचा. हे तयार फंक्शन वापरून कधीच कळत नाही.

हा प्रोग्रॅम मी कशासाठी लिहिला होता तेही सांगायला हवं. २०१९ च्या पुरात इथे सांगलीत एका हळदीच्या अडत दुकानात पाणी शिरलं. वाचलेल्या चोपड्या आणि पावत्या नंतर त्यांनी स्कॅन करून घेतल्या. त्यांचा एकूण आकार काढायला हा प्रोग्रॅम. फोल्डरांची नावं सगळी मराठीत. 'पावत्या' हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा, पण यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये प, काना, व, त, हलन्त, य, काना असे सात भाग आणि प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे २१ बाइट. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइट मिळतात, त्यात मराठीचे असे जेमतेम ८५ भाग बसतात. आपल्याकडे बफर इंग्रजीपेक्षा कितीतरी लवकर भरतो. आणि नेमका वाईट जागी कापला गेला तर 'पावत्या १२' चं 'पावत्या १' होतं, तेही फोल्डर खरंच असतं, आणि बेरीज गुपचूप चुकते.

काल रात्री नव्या कोडने त्यांची डिस्क पुन्हा मोजली. नावं कुठे कापली गेली नव्हती. पण 'चालू वर्ष' नावाची एक लिंक होती, आणि त्या वर्षाच्या फायली मी दोनदा धरल्या होत्या. माझ्या आकड्यावर त्यांनी गरजेपेक्षा मोठी डिस्क घेतली. आज सकाळी मार्केट यार्डात जाऊन त्यांना हे सांगून आलो.

मूळ लेखातला कोड बदलला आहे: एलस्टॅट, कापलेल्या पत्त्याची तपासणी, आणि ओपनडिर फसला की त्या फोल्डरचं नाव छापणं. तुम्हाला एक विनंती आहे. त्या मशीनवरचं वाईन अजून काढू नका. मुलांना आधी जुना कोड तिथे चालवू द्या, कंट्रोल-सीने थांबवू द्या, पत्त्याचे बाइट त्यांना स्वतः मोजू द्या, मग नवा द्या. तोही अडकला, तर फोटो नक्की पाठवा.